सुहासला थांबव

मांद्रे, पेडणे

प्रिय बाळू,

आम्ही बरे आहोत, आईचा गुडघा आहे तसाच. लिहायचं कारण वेगळं आहे. सुहास तुझ्या मोटरसायकलचं इंजिन ऐन पावसात रंगवायला काढतोय, तेही एकाच डब्यातून सरसकट. माझं तो ऐकत नाही.

क्लच कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर, रंगाखाली पांढऱ्या नागमोडी रेषा पळाल्यात. तो मळ नव्हे, ॲल्युमिनियम गंजतंय. खडी लागून टवका उडतो, खारी दमट हवा तिथून आत शिरते आणि रंग धातूपासून सुटत जातो. त्यावरच नवा रंग मारला तर तोही फोड येऊन निघणार.

आधी धुणं, इंजिन पूर्ण थंड असताना. सायलेन्सरचं आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने बांधायचं. तेलकट थराला रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश, फिन्समध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये) जुना टूथब्रश, मग शॅम्पू आणि नळाचं पाणी. तू पुन्हा डिझेल म्हणशील. म्हापशाच्या बाजारात भर गर्दीत भांडलास तरी डिझेलचा ओशटपणा मागे राहतोच, आणि त्यावर धूळ बसते! कॉस्टिक किंवा ॲसिडवालं क्लीनर मात्र नकोच, दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

रंग नुसता भुरकट झालाय तिथे रंगवायची गरज नाही. चकचकीत भागावर हलकं रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) चालेल. मॅटवर नको, चट्टे चमकतात.

टवक्यांसाठी ऑइल काढून कव्हर उतरवायचं, बसवताना गॅस्केट नवं. पांढरं पूर्ण जाईपर्यंत १८० चा पॉलिश पेपर, कडा ३२० ने उतरत्या, शेवटी ४००. लोखंडी तारेचा ब्रश लावू देऊ नकोस, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की तिथूनच पुन्हा गंज धरतो. थिनरने पुसल्यावर बोट लावायचं नाही. एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. गॅस्केट बसते त्या कडेवर टेप हवी.

आता खरी काळजी. सुहासने आणलाय तो ६०० अंश उष्णता सोसणारा सिलिकॉन रंग. असा रंग साधारण २०० अंशांना भाजला तरच पक्का होतो. क्लच कव्हर तेलाइतकंच तापतं, म्हणजे शंभराच्या आसपास. तिथे तो कच्चाच राहतो आणि पेट्रोलचा थेंब पडला की पुसला जातो. तो सायलेन्सरच्या बेंडला ठीक. कव्हरला टू-के रंग हवा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, मारताना योग्य मास्क घालून आणि उघड्यावर. पावडर कोटिंगही उत्तम, पण भट्टी १८०-२०० अंशांची, म्हणून ऑइल सील आणि बेअरिंग आधी काढायला हवेत.

आणि हे सगळं दसऱ्यानंतर. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओल धरते आणि काळा रंग दुधाळ होतो. तोवर गाडी कोरडी ठेवून उघड्या टवक्यांवर मेण चोळलं तरी पुरे.

तुझी नवी नोकरी कशी आहे? चिंगीची शाळा सुरू झाली ना? वहिनींना नमस्कार. चवथीला येताय ना, ते कळव.

पेंटर सोमवारी येणार आहे. सुहासला रविवारच्या आत फोन कर.

तुझा,
दत्ता