मोटरला हात लावू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझा मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हाय, बीड जिल्ह्यातच शिकतो. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट (लोड न जोडता आत किती वीज वाया जाते ते मोजायची चाचणी) त्यानं जर्नलमध्ये लिहिलीय पण मीटर काय स्वतः जोडलं नाही, लॅबमधली मशीनं बंद हायेत म्हणून रीडिंग मागच्या बॅचचेच उतरवतात. अन् इकडं शेतात थ्री फेज मोटर जळली तर गावातला वायरमन वाइंडिंग भरतो, पोरगं नुसतं बघत राहतं, मला लई वाईट वाटतं.

परळीला औष्णिक केंद्र हाय, 250 मेगावॅटचे संच हायेत तिथं. वर्षातून आठ दिवस तरी पोरांना तिथं न्या, जनरेटर, बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारा रिले, वीज बाहेरच्या लाइनीवर सोडायचं स्विचयार्ड डोळ्यानं दाखवा. फी आम्ही कापूस विकून भरतो साहेब.

— एक पालक, बीड जिल्हा