अर्धी गोष्ट तुझी आहे

डेल्फ्ट, नेदरलँड्स
सोमवार, ११ मे, रात्री उशिरा

प्रिय चिमे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले तीही माझं काम आहे म्हणून. आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढे वाच. आम्ही बरे आहोत. बीपीची गोळी चालू आहे, यांची पाठ तशीच आहे. झालं.

आजीचा अडकित्ता. एवढं लिहिलं तरी तुझ्या पोटात गोळा आला असेल, कारण माझ्या आलाय. चाळीस वर्षांत आपण दोघींनी त्याचं नाव काढलं नाही. गावातल्या डचांच्या त्या पडक्या वखारीवरून भांडलो, माझ्या लग्नात तू नेसलेल्या साडीवरून भांडलो, आजी गेली तेव्हा तू आली नाहीस म्हणून मी वर्षभर बोलले नाही. पण अडकित्त्याचं एक अक्षर नाही.

झालं असं. इथे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकायला बसावं, परवाना लागत नाही. लहान मुलं तर सकाळपासून जागा धरतात. माझा हा वर्षातला सर्वांत लाडका दिवस, तुला माहीत आहे. माझं निम्मं घर त्याच दिवशी जमलेलं आहे. ती वाळू, साबण आणि सोडा ठेवायची तीन डब्यांची एनॅमलची फळी त्यातलीच. बाटलीच्या तळाचं कस्टर्ड खरवडून काढायचा लांब दांड्याचा रबरी चमचाही त्यातलाच, ज्याचा फोटो पाहून तू ‘हा कान कोरायचा की काय?’ म्हणून विचारलं होतंस.

तर कालव्याच्या कडेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. फुटबॉलपटूंची कार्डं, लहान झालेले स्केट्स, आणि मध्ये एक स्टोफ. राइक्सम्युझियममधलं व्हर्मीरचं चित्र पाठवलं होतं ना, दूध ओतणाऱ्या बाईचं? तिच्या मागे उजव्या कोपऱ्यात जमिनीवर एक पेटी आहे, जिला तू उंदराचा पिंजरा म्हणालीस. तोच स्टोफ. पाय शेकायची शेगडी. वरच्या फळीला भोकं, एक बाजू उघडी, आत मातीचं छोटं भांडं. त्या भांड्यात पीटचा निखारा ठेवायचा. पीट म्हणजे दलदलीतली माती कापून, रचून वाळवलेली, आपण गोवऱ्या रचतो तशीच. फळीवर पाय ठेवायचे आणि घेरदार झगा वरून सोडायचा म्हणजे ऊब आतल्या आत राहते. हिवाळ्यात चर्चमध्ये बायकांच्या पायांखाली हे स्टोफ नेऊन ठेवायला वेगळ्या बायका नेमलेल्या असत. बाळंतिणीच्या बाजेखालची आपली शेगडी आणि ही, सख्ख्या बहिणी वाटतात मला. आणि आईच्या ओट्यावरचा स्टोव्ह होता ना, त्या शब्दाचं घराणंही हेच.

मी उचलून उलटा करून पाहिला. शोभेसाठी केलेले स्टोफ इथे पुष्कळ मिळतात, पण ते आतून कोरे असतात. याच्या फळीची खालची बाजू भोकांभोवती जळून काळी झाली होती. वरून, टाचा टेकतात तिथे, दोन उथळ खळगे पडले होते. किती बायकांनी किती हिवाळे तिथे पाय टेकले असतील, विचार कर. मला एखादी वस्तू जुनी आहे म्हणून नको असते गं, तिच्यावर माणूस झिजलेला दिसतो म्हणून हवी असते. तू दर वेळी म्हणतेस, ‘डचांचं भंगार गोळा करतेस.’ भंगार नव्हे. पण यापुढचं वाचलंस की तुला तो शब्द वापरायचा हक्क आहे.

किंमत विचारली. आठ युरो म्हणाला. मी घासाघीस न करता दिले. पैसे मुठीत घेतल्यावर त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मूठ खिशात घालून तिथेच ठेवली. चिमे, ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण हातात तो स्टोफ होता आणि मी घरी निघाले.

शुक्रवारी सुपरमार्केटच्या सूचनाफलकावर कागद दिसला. वर फोटो: एक म्हातारी बाई खुर्चीत, पायांखाली माझा स्टोफ. खाली लिहिलेलं की घर आवरताना चुकून जुन्या सामानाबरोबर गेला असावा, आजोबांना तो परत हवा आहे. पत्ता आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडचा.

मी रिकाम्या हातांनीच गेले. आधी पाहून येऊ म्हटलं. दार आजोबांनी उघडलं. काही विचारायच्या आत तेच सांगू लागले, की तो बायकोचा होता, तिला तिच्या आजीकडून आला होता. ‘मीच कुणाला तरी देऊन टाकला असणार. मुलगी तसंच म्हणते. माझं डोकं हल्ली चालत नाही.’ असं म्हणून माझ्याकडे पाहून हसले, माफी मागितल्यासारखं. मागे जिन्यावर तो मुलगा उभा होता. त्याने मला ओळखलं.

मी काय केलं असेल? ‘सापडला तर कळवते,’ म्हणाले आणि परत आले.

‘माका कायच आठवणा नाय गो आता.’ आठवतं? आजी पानाचा डबा उघडून बसायची, चुना, कात, सुपारी सगळं समोर, आणि हात अडकित्त्याला शोधायचा. मोराच्या मानेचा पितळी अडकित्ता. आपण भंगारवाल्याला दिला, वखारीच्या पडक्या भिंतीआड बसून साडेसात रुपये मोजले आणि सातेरीच्या जत्रेत खाजं खाल्लं. घरात सगळे म्हणाले, म्हातारीने कुठेतरी ठेवला आणि विसरली. तिने विश्वास ठेवला. मग दूध उतू गेलं तरी तिला वाटायचं, बघा, मी विसरायला लागले. पुढे किल्ल्या कमरेला असून ती दहा वेळा चाचपायची. ती तोवर काही विसरत नव्हती, चिमे. साऱ्या आळीतल्या बारशांच्या तारखा पाठ होत्या तिला. विसरायला तिला आपण शिकवलं.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. वखारीत पैसे मोजताना कुणाची कल्पना होती त्यावरून आपण भांडलो होतो. आता कबूल करते, माझी होती. भंगारवाल्याला हाक मात्र तू मारलीस.

आता सांग, मी काय करू? स्टोफ उचलून दारात नेऊन ठेवला तर आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे हे सिद्ध होईल, पण त्या मुलाची आई पहिला प्रश्न विचारेल की मिळाला कुठे. ‘तुमच्याच मुलाने विकला’ असं मी बोलायचं? दहा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर उभं करायचं? आणि खोटं सांगितलं, की कुठल्याशा दुकानात मिळाला, तर आजोबा जन्मभर समजतील की आपणच देऊन टाकला होता. आजीसारखे. तीन रात्री हेच चाललंय. हे म्हणतात, पोस्टाने निनावी पाठवून दे. यांना काय कळणार! वखारीत ते नव्हते.

मी ठरवलंय ते असं. बुधवारी इथल्या बऱ्याच शाळा दुपारी लवकरच सुटतात. त्या मुलाची वाट कालव्यावरून आहे. स्टोफ पिशवीत घालून तिथे थांबणार. त्याला म्हणणार, हा घे, आठ युरो तुझ्याकडेच ठेव, पण आजोबांच्या हातात तू स्वतः दे आणि विकला होतास हे तू स्वतः सांग. हवं तर मी दाराबाहेर उभी राहते. आणि तो ‘का?’ म्हणाला, किंवा रडायला लागला, तर त्याला अडकित्त्याची गोष्ट सांगणार. सगळी. वखारीसकट. त्याला गंमतच वाटेल की त्याच्या देशाच्या कंपनीने समुद्रापलीकडे बांधलेल्या गोदामात बसून दोन पोरींनी चोरीचे पैसे मोजले. मग पुढचं सांगेन, आजीचं.

ती गोष्ट अर्धी तुझी आहे. तुला न विचारता ती परक्या मुलाला सांगणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. टपालाने पोचायला कितीतरी दिवस लागतील, तेव्हा पानांचे फोटो काढून आत्ताच पाठवते. कागदही मागाहून येईल, तो जपून ठेव किंवा चुलीत घाल.

तुझ्या बदलीचं काय झालं? काजूचं यंदा कसं आहे? धाकट्याचा बारावीचा निकाल लागला की पहिला फोन मला. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. त्या एकच गोष्ट चार वेळा विचारतात म्हणून गेल्या खेपेला तू वैतागली होतीस. चारही वेळा नीट सांगत जा गं.

स्टोफ इथे टेबलाखाली आहे. गेले दोन आठवडे रोज रात्री मी त्यावर पाय ठेवून बसायचे, निखारा नसला तरी. आज ठेवले नाहीत.

बुधवारी तुझ्याकडे दुपारचे तीन वाजायच्या आत कळव. हो किंवा नको, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
बेबी

ता. क. वखारीकडे गेलीस तर समुद्राकडच्या भिंतीचा एक फोटो पाठव. त्या मुलाला दाखवायला हवा.