भाडेकरू येण्याआधी या

रामश्टाइन, जर्मनी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "फौजी माणसाने ड्यूटीच्या गावी घर घेऊ नये," हे तुमचं म्हणणं परवा फोनवर पुन्हा ऐकलं. तुमची सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली, तेव्हा तुम्ही हेच म्हणणार. पण बदली टेक्सासला झाली तरी कायझर्सलाउटर्नजवळचं घर मी विकत नाहीये, भाड्याने देतेय. पत्रात सांगते, फोनवर तुम्ही बोलू देत नाही!

आम्हा अमेरिकी सैनिकांना सरकारी हमीचं व्हीए कर्ज मिळतं, पण ते परदेशातल्या घराला चालत नाही. म्हणून इथल्या बँकेचं काढलं. वर या राज्यात खरेदीवर 5 टक्के कर, नोटरीची फी वेगळी. एवढं भरून लगेच विकायचं म्हणजे हातचे पैसे घालवणं. नोटरीही आपल्या कोर्टाबाहेरचा शिक्केवाला नव्हे. अख्खं खरेदीखत त्याने मोठ्याने वाचलं, कायद्याने वाचावंच लागतं. शेजारी दुभाषी बाई. मला सत्यनारायणाची पोथी आठवली, फक्त शिरा नव्हता.

तुमची खरी भीती भाडेकरूची. ती रास्त आहे. आपल्यासारखा 11 महिन्यांचा करार इथे चालत नाही. करार सहसा बेमुदत, मालकाला सबळ कारण दाखवावं लागतं, वर निदान तीन महिन्यांची नोटीस. भाडेकरू आठ वर्षं राहिला असेल तर नऊ महिन्यांची. म्हणून मी इथल्या अमेरिकी हवाई तळावरचंच कुटुंब बघतेय. त्यांना घरभाडं ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार देतं, आणि बदलीचा हुकूम आला की ते आपणहून निघतात. मधे घर रिकामं पडेल, तेवढा हप्ता मी बाजूला ठेवलाय.

आई, तुला गंमत सांगते. इथे बरेच भाडेकरू जाताना स्वयंपाकघरच सोबत नेतात! ओटा, कपाटं, सिंक, सगळं. मी घर घेतलं तेव्हा त्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेली नळाची तोंडं तेवढी होती. आता मी बसवलेला ओटा तिथेच राहील, करारात तसं लिहून घेणार आहे.

किंमत आत्याला सांगू नका. आणि शेंगेन व्हिसाचे कागद पाठवतेय, ते लगेच भरा. सप्टेंबरपासून घर भाडेकरूचं, त्याआधी चार दिवस राहून जा.

तुमची,
सुमा