नावातला आकडा आणि गोळीचा व्यास

संपादक महोदय,

काडतुसे पुन्हा भरण्यावरील आपल्या लेखात काडतुसाच्या ‘नावावरून गोळीचा व्यास कळतो’ असे छापले आहे. हे वाक्य कृपया दुरुस्त करा, कारण त्याने कुणाला इजा होऊ शकते.

‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीचेच पाहा. .303 इंच हा नळीतल्या उंचवट्यांमधला व्यास. रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरवण्यासाठी नळीत कोरलेल्या, खाचा त्याहून खोल, म्हणून गोळी साधारण .311 इंचाची लागते. मी सुरुवातीला .308 च्या गोळ्या वापरल्या. दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही, जेमतेम केसाच्या जाडीएवढा. पण कागदी लक्ष्यावर गोल भोकांऐवजी लांबट चिरा पडल्या. गोळी खाचांत धरलीच गेली नव्हती, आडवी होऊन आदळत होती.

उलटी चूक जास्त भयंकर. 1888 च्या जर्मन रायफलींची मूळ गोळी .318 इंची, नंतरच्या ‘आठ मिलिमीटर’ माउझर रायफलीची .323. जुन्या अरुंद नळीत नवी जाड गोळी गेली की दाब धोक्याच्या पातळीला जातो, आणि गाल तर बोल्टच्या, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाच्या, अगदी जवळ असतो!

नळीत मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढा, मायक्रोमीटरने मोजा, मगच गोळ्या घ्या. बंदुकीच्या दारूचे वजन काटेकोर करणारे लोकही हे मोजमाप टाळतात, याचे मला फार वाईट वाटते.

आपला,
एक वाचक