आराखड्यातील 'जोखीम' हा रकाना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या वहिवाटीतील जंगल राखण्याचा व वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावांनी जंगल कसे राखले आणि त्यातून उत्पन्न कसे उभे केले, याविषयीचा मजकूर आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतो, आणि गडचिरोली जिल्ह्यातील आमच्यासारख्या वाचकांना तो वाचून आनंदच होतो. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू बाहेर नेऊन विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून या जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत, त्यांच्या समित्या झाल्या आहेत आणि पुष्कळांचे जंगलाचे व्यवस्थापन आराखडेही तयार आहेत. अशाच एका समितीचे सचिवपद मी काही वर्षे सांभाळले. त्या अनुभवावरून या आराखड्यांतील एका उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आराखड्यात 'जोखीम' किंवा 'धोके' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक गावे वणवा, अवैध वृक्षतोड, अतिक्रमण आणि अतिचराई एवढे चार शब्द लिहितात. आम्हीही तेच लिहिले होते. हे सगळे जंगलाला माणसापासून असणारे धोके झाले. जंगल राखायचे ठरवल्यामुळे गावातल्याच काही माणसांवर जे ओझे येते, त्याला त्या रकान्यात जागा नसते, आणि ते ओझे सहसा ज्यांचा आवाज ग्रामसभेत सर्वांत क्षीण असतो त्यांच्याच डोक्यावर जाऊन पडते.

आमच्या गावाने नाल्यापलीकडचा जंगलाचा एक तुकडा पाच वर्षांसाठी चराईबंद व कुऱ्हाडबंद केला. ठराव सर्वांच्या सहीने झाला. पहिल्याच महिन्यात राखणदारांनी एका विधवा बाईची कुऱ्हाड जप्त करून समाजमंदिरात आणून ठेवली. तिवसाचा दांडा असलेली, वापरून वापरून पाते निम्मे झिजलेली ती कुऱ्हाड चार दिवस माझ्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी होती. पाचव्या दिवशी बाई आली. दंड माफ करा, असे काही ती म्हणाली नाही. "भाऊ, बंदी बरोबर आहे, पण मी मोळी कुठून आणू तेवढे सांगा," एवढेच तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिला शेती नव्हती, म्हणून बांधावरचे झाड नव्हते. घरी गॅसची टाकी होती, पण ती भरून आणण्याचे पैसे पावसाळ्यानंतर उरत नसत. ठरावावर तिचाही अंगठा होता. बंदीचा अर्थ तिच्यापुरता काय होईल, हे तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारणाऱ्यांत सर्वांत आधी मीच असायला हवे होते.

पुढे जे घडले ते ठरलेलेच होते. बंद तुकड्यावरचा भार कमी झाला, तसा तो शेजारच्या गावाच्या हद्दीत वाढला. आमच्या बायका तिकडे जाऊ लागल्या, तिकडच्यांनी दोनदा मोळ्या अडवल्या, आणि पिढ्यान्पिढ्या सोयरीक असलेल्या दोन गावांत शिवेवरून बोलाचाली झाली. आमच्या अहवालात मात्र 'पुनर्निर्मिती उत्तम' अशी नोंद गेली, आणि ती खोटीही नव्हती. आमची रोपटी वाढली त्याची किंमत शेजारच्या रोपट्यांनी मोजली, ही गोष्ट आमचा आराखडा शिवेपाशी संपत असल्यामुळे कोणाच्याच कागदावर आली नाही. निस्ताराची, म्हणजे सरपण-चराईसारख्या घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याची, वहिवाट आजकालच्या नकाशांपेक्षा जुनी आहे आणि ती एका गावापुरती कधीच नव्हती. निदान लगतच्या गावांची एकत्र बैठक घेतल्याशिवाय चराईबंदीचा ठराव अमलात आणू नये, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

आणखी एक बाब जिवाशी गाठ असलेली आहे. जवळचा तुकडा बंद झाला की सरपण, मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी लांब आणि दाट जंगलात जावे लागते, आणि तिथे वाघाची भीती असते. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा परिसरात जेरबंद केलेल्या एका वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून १३ जणांचा बळी घेतला होता. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासन आता २५ लाख रुपये देते, ही मदत मोलाचीच आहे. पण कोणता तुकडा कोणत्या महिन्यात बंद ठेवायचा, हे ठरवताना पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईचा रस्ता कुठून जातो, याचा विचार करायला एक पैसाही लागत नाही. आमच्याकडे तो विचार उशिरा झाला. मग गावालगतची एक पट्टी बंदीतून वगळली, वाळलेले लाकूड उचलायला आठवड्याचे दोन दिवस ठरवले आणि त्या दिवशी राखणदारांनीच बायकांच्या सोबत जायचे असे ठरले. ती कुऱ्हाड अर्थातच परत गेली.

पर्यावरणाच्या बाजूनेही आपण सोयीपुरतेच बोलतो. तेंदूपत्ता हे ग्रामसभेच्या उत्पन्नाचे मोठे साधन. पण कोवळी पालवी यावी म्हणून हंगामापूर्वी झुडपे छाटतात आणि कित्येक ठिकाणी आगही लावतात. मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवयही अशीच: फुले उठून दिसतात, पण वारा फिरला की तीच आग जंगलाच्या अख्ख्या कक्षात पसरते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणांनी तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडून देऊन बांबूवर भर दिला, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. प्रत्येक गावाला तो परवडेल असे नाही, आणि परवडत नसेल तर तसे आराखड्यात मोकळेपणाने लिहावे. मोहाखाली जुन्या साड्या अंथरून फुले गोळा करणे, तेंदूची छाटणी हाताने करणे, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे) फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी साफ करणे ही कामे कोण करणार आणि त्याची मजुरी कोणत्या खात्यातून निघणार, हे त्यापुढेच लिहिलेले असावे.

बांबूवरच सगळी भिस्त ठेवण्यातही धोका आहे. मानवेल बांबू कित्येक दशकांतून एकदा सामूहिकपणे फुलतो आणि फुलला की वाळून जातो. उभा वाळलेला बांबू म्हणजे वणव्याला सरपण, आणि नवी रोपे तोडणीला येईपर्यंत काही वर्षे उत्पन्नाच्या नावाने शून्य. त्या वर्षांसाठी ग्रामकोषात दरसाल काही रक्कम बाजूला टाकणारी गावे माझ्या पाहण्यात थोडी आहेत.

आराखडा एकदा लिहून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही, हे आम्हाला हत्तींनी शिकवले. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात आला. त्यापूर्वी लिहिलेल्या आमच्या आराखड्यात हत्ती हा शब्दच नव्हता. धानाची पुंजणी, साठवलेला मोह, मातीच्या भिंती, सगळ्याचाच हिशोब एका हंगामात बदलला, आणि रात्रीच्या राखणीसाठी माणसे पाठवायची की घरी ठेवायची, यावर ग्रामसभेत तासन्तास चर्चा झाली.

आता नवा विषय कार्बन क्रेडिटचा, म्हणजे राखलेल्या जंगलाने शोषलेल्या कार्बनच्या हिशोबावर मिळणाऱ्या आणि कंपन्यांना विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा. गावांच्या दारी माणसे येऊ लागली आहेत आणि वीस-तीस वर्षांच्या करारांची भाषा बोलू लागली आहेत. याला माझा सरसकट विरोध नाही. मेघालयात खासी टेकड्यांतील समूहांनी असा प्रकल्प चालवून दाखवला आहे, आणि तो अशा प्रकल्पांसाठीच्या ज्या प्लॅन व्हिवो या आंतरराष्ट्रीय मानकाखाली नोंदला गेला, त्यात क्रेडिटच्या विक्रीतील किमान ६० टक्के वाटा समूहाकडे जावा अशी अट आहे. पण आपल्या वनहक्क कायद्यात कार्बन हा शब्द नाही. त्यामुळे विकले जाते ते नेमके कोणाचे, वणव्यात जंगल जळाले तर भरपाई कोणी करायची, आणि करारानंतर सरपणाचा तुकडा पुन्हा उघडायचा झाला तर परवानगी ग्रामसभेची लागेल की कंपनीची, हे प्रश्न सहीपूर्वीच सुटले पाहिजेत. करार मराठीत, आणि जिथे गोंडी किंवा माडिया बोलतात तिथे त्या बोलीत समजावून सांगितला गेला पाहिजे. आज ज्यांची सही घेतली जाईल त्यांची नातवंडे तो करार निभावणार आहेत.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा पुढे आहे. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या बैठकीला किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. प्रत्यक्षात नोंदवही घरोघरी फिरवून सह्या गोळा होतात, हे मी सचिव म्हणून केलेले आहे, म्हणून लाजत का होईना पण लिहितो. मेंढा-लेखा गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीचा आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय घोळवण्याचा जो रस्ता धरला, तो वेळखाऊ आहे खरा. पण त्यात कुऱ्हाडवाल्या बाईचा प्रश्न ठरावाच्या आधी निघाला असता.

जिल्हा प्रशासनाकडे माझी मागणी मोठी नाही. आराखड्याच्या नमुन्यातील जोखमीच्या रकान्याचे दोन भाग करावेत: जंगलाला काय धोका, आणि या निर्णयाने गावातील कोणाला, लगतच्या कोणत्या गावाला झळ. दुसरा भाग भूमिहीन, शेळ्या पाळणारे आणि एकट्या बायका यांच्याशी वेगळे बसून भरला जावा, आणि दरवर्षी ग्रामसभेत तो वाचून दुरुस्त व्हावा. तक्रारीसाठी समितीबाहेरचा, शक्यतो शेजारच्या गावचा एक माणूस नेमावा, कारण जप्ती करणाऱ्याकडेच तक्रार घेऊन कोणी येत नाही. तेंदूपत्त्याच्या लिलावाच्या बैठका लवकरच सुरू होतील; सुधारित नमुना त्यापूर्वी ग्रामसभांच्या हाती पडला, तर या हंगामातच तो भरता येईल.

आपला विश्वासू,
सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीचा एक माजी सचिव,
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली