क्लीनरच्या सीटवरून

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर सगळं अर्धवटच राहिलं. बाबा "बरं बरं" म्हणाले आणि लगेच फोन तुझ्याकडे दिला, तेव्हाच कळलं की हे काही बरं नाहीये. म्हणून लिहून पाठवतोय, म्हणजे मध्ये कोणाला तोडता येणार नाही.

आई, आधी तुझं. अपघात झालेला नाही. लायसन्स शाबूत, हातपाय शाबूत, कोणी काढून टाकलेलं नाही. मी स्वतःहून इन्स्ट्रक्टर झालोय, मोठ्या गाड्या शिकवणारा. रात्रीचा रस्ता बंद झाला, त्यामुळे आता फोन उशाशी न घेता झोप (झोपणार नाहीस, माहितीये).

आता बाबा, तुमचं. "एवढी वर्षं चालवून शेवटी क्लीनरच्या सीटवर बसलास होय?" तुम्ही हसत म्हणालात पण दोन दिवस डोक्यातून गेलं नाही माझ्या. कारण खरंच आहे ना ते, बसतो तिथेच. फक्त या सीटखाली एक जास्तीचा ब्रेक आहे, आणि तो न दाबणं हे माझं काम आहे.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी मी नापास झालो. गाडी चालवण्यात नाही, त्यात सगळं ठीक होतं. शिकवण्याच्या परीक्षेत परीक्षक स्वतः स्टिअरिंगवर बसतो आणि नवशिक्या असल्यासारखा मुद्दाम चुका करतो, आपण बाजूला बसून त्या वेळेवर ओळखायच्या, बोलायच्या आणि सुधारून घ्यायच्या. ट्रेलर घेऊन डावीकडे वळायचं होतं. मी म्हणालो "आता वळा." तो शांतपणे म्हणतो, कधी? किती? कुठे बघून? आणि बाबा, माझ्याकडे शब्दच नव्हते. हे वळण मी हजारो वेळा घेतलं असेल, हाताला माहीत आहे, तोंडाला माहीतच नाही. मग मी काय केलं, तर घाबरून ब्रेक दाबला. तिथेच संपलं.

घरी येऊन कागदावर गाडी काढली आणि पहिल्यांदा स्वतःला समजावून सांगितलं की होतं काय. पुढची चाकं मोठा गोल काढतात, ट्रेलरची मागची चाकं त्याच्या आतून लहान गोल काढत येतात, गाडी जेवढी लांब तेवढी ती जास्त आत येतात. म्हणून गाडीचं तोंड थोडं पुढे नेऊन मग वळवायचं. पण पुढे नेलं की आतल्या बाजूला जागा मोकळी दिसते, आणि नेमका त्या जागेत कोणीतरी सायकलवाला नाहीतर स्कूटरवाला शिरतो, त्याला वाटतं ही गाडी सरळ चालली आहे. आणि त्याच वेळी तोंड वळलेलं असल्यामुळे एका आरशात नुसती ट्रेलरची भिंत आणि दुसऱ्यात ट्रेलर दिसतच नाही. म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूचा आरसा वळायच्या आधी बघायचा, वळताना बघायचा, आणि मागची चाकं कोपऱ्यावरून सुटेपर्यंत बघत राहायचा. तुम्ही हे सगळं करताच की. पण मला कधी सांगितलंत? तुम्ही जिभेने च्च करायचात. त्यावरून मी ओळखायचं, की आरसा चुकला, की गियर चुकला, की माझा जन्मच चुकला.

रागावू नका. मीही तेच करत होतो, फक्त च्च ऐवजी ब्रेक.

आमच्या ट्रेनरनी हेच पकडलं. म्हणाले, तू ब्रेक दाबलास की शिकणाऱ्याला कळतच नाही गाडी त्याने थांबवली की तू, मग तो शिकला काय? आधी आवाज वापर, पाय सगळ्यात शेवटी. पण आवाज वापरायचा तर वेळेवर हवा. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे "अहो पुढचा सिग्नल बघा जरा" एवढं बोलून होईपर्यंत ३०-३५ मीटर गेलेसुद्धा. भरलेली गाडी, त्यात एअर ब्रेक, पेडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद धरा, आणि वेग दुप्पट तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट. त्यामुळे मी आता वाक्यं बोलत नाही. "आरसा." "गियर खाली." "अंतर." बस्स.

त्यातही गंमती होतात. पहिल्याच आठवड्यात एकाला म्हणालो "सोडा, सोडा", मला क्लच म्हणायचा होता, त्याने स्टिअरिंग सोडलं! दोन्ही हात वर! नशीब मोकळ्या मैदानात होतो. तेव्हापासून "सोडा" बंद, "हळू" पण बंद, कारण हळू म्हणजे वेग हळू की क्लच हळू हे फक्त बोलणाऱ्याला माहीत असतं.

रिव्हर्स शिकवायला मात्र मला भारी आवडतं. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड डावीकडे. चांगली शिकलेली माणसं पण इथे रडकुंडीला येतात. मी सांगतो हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, आता बूड जिकडे न्यायचं तिकडेच हात न्या. हे ऐकून त्यांचा चेहरा असा खुलतो ना. मग पुढचा धडा, की ट्रेलर एकदा वळायला लागला की त्याचा पाठलाग करायचा, म्हणजे स्टिअरिंग उलटं फिरवून तोंड त्याच्या मागे न्यायचं, नाहीतर तो वळतच राहतो आणि तोंड नि ट्रेलर चाकूसारखे घडी होतात. आणि शंका आली की उतरून बघायचं. चार वेळा उतरा, कोणी हसत नाही, हसला तर हसू दे.

एअर ब्रेकच्या दिवशी मला तुम्ही आठवता. लहानपणी मी गाडीत चढून "चला ना बाबा" करायचो आणि तुम्ही म्हणायचात "थांब, हवा भरू दे". मला वाटायचं टायरची हवा. आता मी पोरांना विचारतो, पार्किंगचा ब्रेक हवेने लागतो ना? सगळे हो म्हणतात. उलटं आहे, तो लागतो स्प्रिंगने, हवा त्याला सोडवून धरते. हवा गेली की स्प्रिंग आपोआप चाक आवळते. म्हणून प्रेशर भरेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि साधारण ६० पीएसआयच्या खाली आलं की बझर ओरडतो तेव्हा गाणी बंद करून गाडी बाजूला घ्यायची. मुळात एअर ब्रेक रेल्वेचा, वेस्टिंगहाऊस नावाच्या माणसाने १८६९ साली पेटंट घेतलं, आणि पुढे त्यानेच त्यात सुधारणा केली की पाइप फुटला, डबे तुटले तर ब्रेक लागलाच पाहिजे. बिघडली तर थांबणारी गाडी. मला हे इतकी वर्षं चालवून माहीत नव्हतं बाबा, पुस्तकात वाचलं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडण आहे. "ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर." जुन्या गाड्यांना ठीक होतं. आताच्या गाड्या जोरात चढतात आणि मोकळ्या सोडल्या की जास्त पळतात, चढलेला गियर उतरायला वरचा पडतो. म्हणून मी सांगतो की उतार सुरू व्हायच्या आधीच आणखी खालचा गियर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग आवरणारा) लावा, पायाचा ब्रेक राखून ठेवा. नाहीतर सारखा दाबून ब्रेकचे ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत पेडल नुसतं जातं. वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. तुम्ही मानणार नाही, तरी सांगितलं.

आणि आता खरं काम, ज्यासाठी हे पत्र. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, टँकर अर्धा भरलेला असेल तर वळणाच्या आधी कसं कळतं की आपण जास्त वेगात आहोत? मी पुस्तकातलं सांगितलं, की अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, आतलं सगळं डचमळतं, आतल्या आडव्या भिंती पुढे-मागे जाणारी लाट मोडतात पण बाजूची नाही, ब्रेक मारून थांबलात तरी लाट मागून येऊन ढकलते. ती म्हणाली ते कळलं हो सर, पण कळतं कसं? आधी काय जाणवतं? आणि माझ्या तोंडून निघालं, "अंदाज येतो."

तुमचंच वाक्य. जसंच्या तसं.

मी टँकर फार चालवला नाही, तुम्ही १२ वर्षं चालवलात. सीटमधून कळतं का स्टिअरिंगमधून? आवाज येतो का? लाट परत यायच्या आधी किती मोजता येतं, एक, दोन? मी रविवारी सकाळी फोन करतो, वही घेऊन बसणार आहे. आई, फोन स्पीकरवर ठेव, आणि बाबा "अंदाज येतो" म्हणाले की त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लाव.

तुमचा,
बंड्या