नाना, ती काचेची बशी

आदरणीय नाना, नमस्कार.

तुम्ही रिटायर झाल्याचं काल कळलं. फोन हातात घेतला, पण घसा दाटला. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय.

अकरावीत पेशीद्रव्याच्या प्रवाहाचं, म्हणजे पेशीच्या आतलं द्रव्य फिरताना बघायचं, प्रॅक्टिकल होतं. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर चौकोन काढला, आत चार बाण मारले आणि म्हणाले, "सूक्ष्मदर्शकात काही दिसत नसतं, हेच जर्नलात उतरवा." पोरांनी उतरवलं, सह्या मिळाल्या. मी डोळा लावून बसलो, तर "फार शहाणा झालास" हे वर.

सगळे गेल्यावर तुम्ही आलात. जानेवारीचा गारठा, केळीची वाढ थांबावी असा. पाटचारीतून आणलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान तुम्ही काचेच्या बशीत पाण्यात टाकलंत आणि ती बशी दोन्ही तळहातांत धरून बसलात. किती तरी वेळ. कुलूप लावायची वेळ टळून गेली होती. मला वाटलं, नाना मंत्रबिंत्र म्हणताहेत! मग एवढंच बोललात, "थंडीमा त्या बी आखडी जातस रे भाऊ."

आणि पान भिंगाखाली गेल्यावर हिरवे कण पेशीच्या कडेकडेने निघाले की! वारकऱ्यांसारखे, एकामागे एक.

कोर्ती नावाच्या इटालियन माणसाने 1774 साली कारा या पाणशैवालात हेच पाहिलं होतं. काराची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब. साखरेचा कण नुसता विरघळत, पसरत एक सेंटिमीटर जायचा म्हटलं तर कित्येक तास लागतील. प्रवाहासोबत मिनिट-दोन मिनिटांत पोचतो. ओढणारं प्रथिन म्हणजे मायोसिन, आपल्या स्नायूंतल्या मायोसिनचंच भाऊबंद. ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंवरून चालतं आणि भोवतीचं पाणी सोबत फरपटतं. पण दिशा कोण ठरवतं? मला हे फार उशिरा उमगलं: बैलगाडीची चाकोरी कोणी आखत नाही. एक गाडी जाते, रान दबतं, दुसरी त्याच खुणेत शिरते. इथेही तसंच असावं, असं गणिती प्रतिकृती सांगतात. वाहणारं द्रव्य तंतूंना आपल्या दिशेला वळवतं, वळलेले तंतू प्रवाह आणखी जोरात नेतात. मुकादम नाही, तरी सगळी पेशी एका चालीने फिरते. फळमाशीच्या अंड्याच्या पेशीत तंतू वेगळे, त्यांवरून चालणारी प्रथिनं वेगळी, पण तिथेही वाकलेले तंतू एकमेकांना पाण्यातून ढकलत शेवटी एकच मोठा भोवरा धरतात.

हे सगळं पुढे पुस्तकांत मिळालं. तळहाताची ऊब पुस्तकात नव्हती. पगार शिपायाचा, हुद्दा शिपायाचा. आणि त्या खोलीत शिकवलंत तेवढं तुम्हीच. पदव्या लावलेली माणसं घड्याळ बघून निघून गेली होती, हे मी अजून विसरलेलो नाही. विसरायचंही नाही.

आता मीच पोरांना दाखवतो. फक्त एक सांगा नाना, ते हायड्रिला नेमकं कुठल्या चारीतून आणायचात? आमच्या विहिरीतलं काही केल्या तसं चालत नाही.

तुमचाच,
मागच्या बाकावरचा